समितीत खुर्ची दिली, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

बेघरपण आणि मानसिक आजार या दोन्हींतून गेलेल्या माणसांना सेवांच्या कारभारात सहभागी कसं करून घ्यायचं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं दिलेली नाहीत. मानसिक आजाराचा अनुभव असलेल्यांना शुभार्थी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना शुभंकर म्हटलं जातं. तेच शब्द इथे ठेवले आहेत.

प्रश्न: मी एका निवारा केंद्राची व्यवस्थापक आहे. पूर्वी रस्त्यावर राहिलेले, आता उपचार घेत असलेले एक गृहस्थ आम्ही सल्लागार समितीवर घेतले. पहिल्या बैठकीत ते काहीच बोलले नाहीत, दुसरीत एकदा बोलले, तिसरीला आलेच नाहीत. फोन केला की "बघतो" म्हणतात. बाकीच्या सदस्यांचं मत पडलं की त्यांना रस नाही. खरंच तसं असेल का?

उत्तर: रस नसता तर ते पहिल्या बैठकीलाही आले नसते. दहा-बारा जणांत एकट्याच माणसाला "अनुभवी" म्हणून बसवलं की त्याच्यावर दोन ओझी येतात. स्वतःचं मत मांडायचं आणि शिवाय सगळ्या बेघर शुभार्थींच्या वतीनेही बोलायचं. समोर डॉक्टर, विश्वस्त, अधिकारी. त्यांतल्या कुणाच्या तरी हातात त्याची खाट असते किंवा औषधाची चिठ्ठी असते. अशा ठिकाणी गप्प राहणं हा त्याने विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो.

म्हणून पहिली दुरुस्ती संख्येची. एकट्याला कधीच बसवू नका. किमान दोघं, जमल्यास तिघं घ्या. एकाची तब्येत बिघडली तरी दुसरा एकटा पडत नाही, आणि दोघांची मतं वेगळी निघाली की बाकीच्यांनाही कळतं की "बेघरांचं म्हणणं" असं एकच काही नसतं.

दुसरी दुरुस्ती बैठकीच्या आधीची. कागद किमान एक आठवडा आधी द्या, दोन पानांच्या आत, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरात. वाचायला जड जात असेल तर तोच मजकूर फोनवर बोलून पाठवा. बैठकीच्या आधी अर्धा-पाऊण तास कुणीतरी या सदस्यांबरोबर विषयपत्रिका चाळावी: कोणत्या मुद्द्यावर बोलायचं आहे, कुठे अडेल, कोण कुणाला दुजोरा देईल. हे काम व्यवस्थापकाने करू नये. ज्याच्या निर्णयाबद्दल बोलायचं, त्याच्याच बरोबर तयारी करायला माणूस कचरतो.

वेळ तर हमखास चुकते. रात्री घेतलेल्या काही औषधांची गुंगी सकाळी उशिरापर्यंत राहते, त्यामुळे नऊची बैठक ठेवली तर माणूस येतो पण डोकं चालत नाही. अकराच्या पुढे ठेवा. संध्याकाळची ठेवली तर निवाऱ्यात खाट मिळवायच्या रांगेची वेळ निघून जाते, आणि एका बैठकीपायी रात्र उघड्यावर काढायला कुणी तयार होणार नाही. दर पाऊण तासाने दहा मिनिटं सुट्टी द्या. लिथियम घेणाऱ्यांना सारखी तहान लागते, लघवीला जावं लागतं. काही औषधांनी एका जागी बसवत नाही. पाणी हाताशी ठेवा आणि उठून फेऱ्या मारल्या तरी चालेल, हे सगळ्यांसमोर सुरुवातीलाच सांगा.

एक बारीक गोष्ट, पण मन दुखावणारी. वॉर्डात रुग्णांना सरसकट "तू" म्हणणारे डॉक्टर आणि कर्मचारी सवयीने बैठकीतही त्यांना "तू" म्हणतात, आणि बाकी सगळ्यांना "तुम्ही". अध्यक्षांनी हे पहिल्याच दिवशी थांबवायला हवं.

सगळ्यांत महत्त्वाची दुरुस्ती मात्र तुमच्या हातातल्या अधिकाराची आहे. प्रत्येक विषयासाठी एका कागदावर दोन रकाने करा: या बैठकीत काय बदलू शकतं, आणि काय आधीच ठरून गेलं आहे. दोन्ही रकाने मोकळेपणाने दाखवा. सगळंच ठरलेलं असेल तर मत विचारू नका, नुसती माहिती द्या आणि ती माहितीच आहे असं सांगा. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना हाताशी धरून आपलंच म्हणणं वदवून घेणं, मधे माहिती देणं आणि सल्ला विचारणं, आणि वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि लोकांचं नियंत्रण. पुष्कळ समित्या पाचव्या पायरीवर अडकतात: खुर्ची मिळते, पण निर्णय खुर्ची देणाऱ्यांकडेच राहतो. तुमच्या सदस्याने दुसऱ्या बैठकीत जे एकदा बोलून दाखवलं, त्याचं पुढे काय झालं ते इतिवृत्तात शोधा. काहीच झालं नसेल तर तिसऱ्या बैठकीला ते का आले नाहीत, हे त्यांना विचारण्याची गरज उरत नाही. आधी त्या मुद्द्यावर काहीतरी करा आणि मग ते सांगायला फोन करा.

प्रश्न: आमच्या संस्थेत हिशेब मी पाहतो. अनुभवी सदस्यांना मानधन द्यावं असं ठरतंय, पण कुणाकडे बँक खातं नाही, कुणाचं निवृत्तिवेतन किंवा सरकारी मदत बंद होईल अशी भीती आहे. शिवाय एक विश्वस्त म्हणतात, रोख दिले तर व्यसनात जातील. काय करावं?

उत्तर: त्या टेबलाभोवती पगारी माणसं बसलेली असताना एकानेच फुकट बसावं, हे चालणार नाही. बाहेरून एखादा सल्लागार बोलावला असता तर त्याला जो दर दिला असता तोच द्या. तेवढी ऐपत नसेल तर निदान तुमच्या संस्थेतल्या पगारी कर्मचाऱ्याच्या तासाच्या दरापेक्षा कमी नको.

तास मोजताना फक्त बैठक मोजली जाते, तिथे चूक होते. दोन तासांची बैठक असेल तर एक तास कागद वाचायला, अर्धा तास आधीची तयारी, अर्धा तास नंतरचं बोलणं: म्हणजे चार तास. अंदाजपत्रकात बैठकीच्या दुप्पट तास धरले की बहुधा बरोबर बसतं. तुम्ही ऐनवेळी बैठक रद्द केलीत, तरी एक दिवसाच्या आतली सूचना असेल तर मानधन द्यावं.

प्रवासखर्च आधी द्या. "तिकीट जपून ठेवा, महिनाअखेर मिळतील" हा नियम पगारदारासाठी ठीक आहे. ज्याच्या खिशात आजच काही नाही, तो येऊच शकत नाही. मानधन त्याच दिवशी, पाकिटात, सही किंवा अंगठा घेऊन, इतरांच्या नजरेआड. खातं नसेल तर रोख द्या आणि पावतीवर कामाचं नाव नेमकं लिहा: "समिती बैठक, वाचन व तयारी". निवाऱ्यात झोपणाऱ्याकडे रोख असणं धोक्याचं असतं. त्याने मागितलं तर रक्कम दोन-तीन हप्त्यांत द्या किंवा तुमच्या तिजोरीत त्याच्या नावाने ठेवा. हे त्याने ठरवायचं, तुम्ही नाही.

मदत बंद होण्याची भीती खरी असते. पहिलं मानधन देण्याआधी त्या योजनेची उत्पन्नमर्यादा, मोजण्याचा काळ (महिना की वर्ष) आणि मानधन व खर्चाची भरपाई यांत ती योजना फरक करते का, या तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. मग सदस्याला आकडे समोर ठेवून सांगा. काही जण मुद्दाम कमी घेतील, काही जण नाही म्हणतील. नाही म्हणणाऱ्याचा हक्क पुढच्या वेळी पुन्हा विचारला जाण्याचा आहे. एकदा नकार दिला म्हणजे कायमचं फुकट, असं होऊ देऊ नका.

विश्वस्तांना एवढंच विचारा: कर्मचाऱ्यांचा पगार ते कशावर खर्च करतात, हे पाहून आपण पगार देतो का? एखाद्या सदस्याला स्वतःलाच हातात रोख येणं अवघड वाटत असेल तर तो सांगेल, आणि त्याच्याशी बोलून दुसरी सोय करता येते. सगळ्यांवर आधीच संशय घेऊन सगळ्यांना कूपनं देणं हा मार्ग नाही.

प्रश्न: मी शुभार्थी आहे, दोन वर्षं रस्त्यावर राहिले. आता घर आहे, औषधं नियमित आहेत. संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात मला "तुमची कहाणी सांगा" म्हणतात. लोक रडतात, टाळ्या वाजवतात. त्यानंतर दोन रात्री मला झोप येत नाही. पण नाही म्हटलं तर कृतघ्न ठरेन असं वाटतं.

उत्तर: ताई, नाही म्हणायला तुम्ही मोकळ्या आहात आणि त्यात कृतघ्नपणा काही नाही. उपचार आणि घर हे तुमच्या हक्काचं आहे. कहाणी सांगून त्याची परतफेड करायची नसते.

नाही म्हणायचं नसेल, फक्त मर्यादा घालायची असेल, तर घरी शांतपणे बसून तीन याद्या करा. कुणालाही सांगेन अशा गोष्टी, विश्वासातल्या चार जणांत सांगेन अशा, आणि कुणालाच सांगणार नाही अशा. सभेत फक्त पहिल्या यादीतलं. हे आधीच ठरलेलं असलं की ओघात वाहून जायला होत नाही. कारण बहुतेक वेळा त्रास भाषणाने होत नाही, नंतरच्या प्रश्नांनी होतो. एखादा श्रोता सहज विचारतो आणि आपण तिसऱ्या यादीतलं काहीतरी बोलून जातो.

होकार देण्याआधी आयोजकांना विचारा: समोर कोण असणार, किती वेळ, प्रश्नोत्तरं आहेत का, प्रश्न आधी मिळतील का, छायाचित्र किंवा चित्रीकरण होणार का, ते कुठे दाखवणार आणि किती काळ, माझ्याबरोबर कोण असेल, मानधन किती. इंटरनेटवर गेलेली चित्रफीत परत घेता येत नाही असंच धरून चाला. चित्रीकरणाची परवानगी भाषणाच्या परवानगीपासून वेगळी, लेखी, आणि कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी मागावी असा आग्रह धरा. मंचावरून उतरल्या उतरल्या कुणीही "हो" म्हणतं.

आणखी एक वाट आहे आणि आमच्या मते ती जास्त मोलाची आहे. कहाणीऐवजी मत मागायला सांगा. "त्या रात्री माझ्यावर काय ओढवलं ते सांगणार नाही. रात्री दहानंतर आलेल्या बाईला आत घ्यायचं की नाही हे कोण ठरवतं, आणि ते का चुकीचं आहे, यावर मी बोलेन." हे वाक्य जसंच्या तसं वापरलंत तरी चालेल. ऐकणाऱ्यांचे डोळे कमी पाणावतील, पण नियम बदलण्याची शक्यता वाढेल.

कार्यक्रम केलाच तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला फोन करायचं काम कुणाचं, हे आधी नावानिशी ठरवून घ्या. दोन रात्री झोप न येणं ही तुमच्या बाबतीत आजार उलटण्याची खूण असेल तर ते तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेवा आणि कार्यक्रमांमध्ये पुरेसं अंतर ठेवा.

प्रश्न: आमच्या रुग्णालयाला रुग्णांना घरी परत पोहोचवण्याच्या आणि रस्त्यावरच्या कामासाठी दोन पीअर वर्कर, म्हणजे स्वतः या अनुभवातून गेलेले साथी कार्यकर्ते, नेमायचे आहेत. कामाची वाटणी, देखरेख आणि मुख्य म्हणजे ते स्वतः पुन्हा आजारी पडले तर काय, यावर मार्गदर्शन हवं आहे.

उत्तर: ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात झां-बातिस्त प्यूसँ हे तिथेच उपचार घेतलेले गृहस्थ वॉर्डाचे प्रमुख होते, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांमधून सेवक घेण्याची पद्धत तिथले डॉक्टर फिलिप पिनेल यांनी त्यांच्याकडून उचलली. असे सेवक रुग्णांना मारहाण करत नाहीत, हे तेव्हाही लक्षात आलं होतं.

अपेक्षा मात्र आधी नीट ठरवा. साथी कार्यकर्त्यांच्या कामावर झालेल्या अभ्यासांमधून आशा, स्वतःवरचा भरवसा आणि बरं होत असल्याची जाणीव यांत सुधारणा दिसते, तीही माफक. लक्षणं किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण यांत ठाम फरक दिसलेला नाही. खाटा कमी लागतील असं सांगून पदं मंजूर करून घेतलीत तर दोन वर्षांनी तीच पदं "निष्फळ" म्हणून कापली जातील.

साथी कार्यकर्त्याचा उपयोग सगळ्यांत जास्त होतो तो दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत: रुग्णालयातून सुटल्यापासूनच्या पहिल्या काही दिवसांत, निवाऱ्यातल्या पहिल्या रात्री, आणि रस्त्यावर जो माणूस कुणाशीच बोलत नाही त्याच्याशी ओळख होईपर्यंत. या तिसऱ्या कामाला आठवडे जातात आणि रोजच्या नोंदवहीत त्याचं काहीच दिसत नाही. "आज शेजारी बसलो, बोलणं झालं नाही" ही नोंदही कामच आहे, असं वरिष्ठांनी मान्य करायला हवं.

काय करायला लावू नये? औषध गिळलं का यावर पाळत ठेवणं, भरतीसाठी धरून आणायला जाणं, दुभाष्या नाही म्हणून कायम दुभाष्याचं काम, चहा-साफसफाई. ही कामं हळूहळू अंगावर येतात, कुणी मुद्दाम देत नाही. मनुष्यबळ कमी पडलं की "जरा हे बघता का" म्हणून सुरुवात होते आणि सहा महिन्यांत साथी कार्यकर्ता म्हणजे कमी पगाराचा मदतनीस होऊन बसतो. म्हणून कामाचं वर्णन एका पानावर लिहा, "हे करणार नाही" या यादीसकट, आणि ते वॉर्डातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. फक्त नेमलेल्या माणसाला नाही.

दोघं नेमताय हे चांगलं आहे, पण त्यांना एकाच पाळीत किंवा निदान आठवड्यातून एक दिवस एकत्र ठेवा. दर आठवड्याला एक तास वरिष्ठांबरोबर कामाचा आढावा, आणि दर पंधरवड्याला एकदा बाहेरच्या, या कामात मुरलेल्या साथी कार्यकर्त्याशी बोलणं. दुसरं का? "माणसांवर ओरडणाऱ्या परिचारिकेसमोर मी काय करायचं" हा प्रश्न स्वतःच्या वरिष्ठांना विचारता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या चहाच्या खोलीत रुग्णांवरून होणारे विनोद हे नोकरी सोडण्याचं एक मोठं पण कधीच न लिहिलं जाणारं कारण असतं. नेमणुकीच्या आधी सगळ्या पाळ्यांतल्या कर्मचाऱ्यांची बैठक घ्या. त्यांच्या शंका ऐकून घ्या. गोपनीयतेचं काय, जबाबदारी कुणाची, फाईल कोण पाहणार, याची लेखी उत्तरं द्या.

ओळखीचे गुंते होणारच. रस्त्यावर बरोबर राहिलेला मित्र उद्या वॉर्डात भरती होईल. नियम सोपा ठेवा: ओळख आहे हे सांगायचं, त्याची फाईल उघडायची नाही, त्याचं काम दुसऱ्याने पाहायचं, मैत्री तोडायची नाही. कामासाठी वेगळा फोन द्या, तो सुटीच्या दिवशी बंद राहील. उसने पैसे देण्याबद्दलही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला आणि "संस्थेचा नियम आहे" म्हणायची मुभा त्यांना द्या. नकाराचं ओझं मग त्यांच्यावर पडत नाही.

नेमणुकीच्या अटींमध्येच अनेक जण गळतात. कायमचा पत्ता, सलग नोकरीचा दाखला, पोलिसांकडची स्वच्छ नोंद. रस्त्यावर राहणाऱ्याच्या नावावर किरकोळ गुन्हे सहज जमा होतात. नोंद आहे का एवढंच पाहू नका. तो गुन्हा कशाचा, किती जुना आणि या कामाशी त्याचा संबंध काय, हे पाहा.

आता आजारपण. रजेचे नियम इतर कर्मचाऱ्यांना जे, तेच. वेगळा नियम केलात की तो कितीही प्रेमाने केलेला असो, माणूस लक्षणं लपवायला लागतो. कामावर रुजू होताना त्यांना स्वतःचा एक कागद करायला सांगा: माझी तब्येत बिघडू लागली की आधी काय दिसतं (झोप कमी होते, फोन उचलत नाही, जास्त बोलतो), तेव्हा मला कुणी आणि कोणत्या शब्दांत सांगावं, कुणाला कळवावं, कोणतं काम काही दिवस कमी करावं. हा कागद त्यांच्याकडे आणि त्यांनी निवडलेल्या एका सहकाऱ्याकडे राहील, कर्मचारी विभागाच्या फाईलमध्ये नाही. आणि त्यांचे उपचार शक्यतो तुमच्या रुग्णालयाबाहेर व्हावेत. तसं शक्य नसेल तर त्यांची फाईल कुलपात, आणि ती कुणी उघडली याची नोंद. उदास दिसले की लगेच "गोळ्या घेतल्यास ना?" असं विचारणं बंद व्हायला हवं, माणसाला नुसता वाईट दिवसही येतो.

प्रश्न: दर वेळी तीच एक व्यक्ती सगळीकडे बोलावली जाते. नवी माणसं आणायची कुठून?

उत्तर: डॉक्टरांना किंवा समाजसेवकांना "चांगलं बोलणारे कुणी सुचवा" असं विचारणं बंद करा, कारण त्यातून त्यांच्याशी पटणारेच येतात. सूचना निवाऱ्याच्या दारावर, बाह्यरुग्ण विभागात, जेवणवाटपाच्या जागी लावा आणि तोंडी सांगा. सेवा अर्धवट सोडून गेलेल्यांना, तक्रार केलेल्यांना मुद्दाम शोधा. स्त्रिया विशेषतः सुटतात. छळाच्या भीतीने निवाऱ्यात न येता नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे दिवस काढणाऱ्या बायका बेघर म्हणून मोजल्याच जात नाहीत. मुदत दोन वर्षांची ठेवा आणि सगळ्यांची एकदम संपू देऊ नका. जुन्याने नव्याबरोबर दोन-तीन बैठका बसावं.

प्रश्न: माझा भाऊ स्किझोफ्रेनियाने आजारी आहे, दोनदा घर सोडून गेला होता. त्याला शोधण्यात माझी उमर गेली. समितीवर मला घेतात तेव्हा काही शुभार्थी म्हणतात, "ही आमची जागा आहे." माझा अनुभव अनुभव नाही का?

उत्तर: आहे, आणि तो मोठा आहे. पण तो वेगळा आहे. पोलीस ठाण्यांच्या आणि रुग्णालयांच्या चकरा तुम्हाला माहीत आहेत. तो का निघून गेला आणि बाहेर काय होतं, हे त्याला. इच्छेविरुद्ध भरती, औषध न सांगता जेवणातून देणं, पैशाचा ताबा या मुद्द्यांवर शुभंकर आणि शुभार्थी समोरासमोर उभे राहू शकतात, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. म्हणून जागा वेगळ्या हव्यात. शुभंकरांच्या दोन, शुभार्थींच्या दोन किंवा जास्त. एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याने त्याची भरपाई करायची नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला. त्याच्या चौथ्या कलमात निर्णय घेताना स्वतः त्या व्यक्तींशी, त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत, सल्लामसलत करण्याचं बंधन आहे. दीर्घकाळच्या मानसिक आजाराने येणारं अपंगत्वही त्यात येतं. शुभार्थींचा आग्रह तिथून येतो, तुमच्यावरच्या रागातून नाही. अवघड विषय असेल तेव्हा दोन्ही गटांची आधी वेगवेगळी बैठक घ्या आणि मग एकत्र बसा, असं सुचवून पाहा.

प्रश्न: आमची संस्था लहान आहे. समिती, नेमणुका हे सगळं लगेच जमणार नाही. एकच काम करायचं तर कोणतं?

उत्तर: दारापासून खाटेपर्यंत चालून पाहा. निवाऱ्यात किंवा वॉर्डात राहून गेलेली तीन माणसं, एक कर्मचारी आणि लिहून घेणारा एक. संध्याकाळी, खऱ्या प्रवेशाच्या वेळी, फाटकापासून सुरुवात करा. नवा माणूस जिथे जिथे थांबतो तिथे थांबायचं, किती मिनिटं थांबावं लागतं ते घड्याळ लावून लिहायचं, आणि तिघांनी सांगायचं: इथे मला काय वाटलं असतं, इथून मी परत फिरलो असतो का. या तिघांना अर्थातच मानधन.

सर्वांत जास्त वेळ प्रवेश-अर्जावर जाईल, आणि जाऊ द्या. हे अर्ज कार्यालयाच्या सोयीने वाढत जातात. पहिलाच प्रश्न ओळखपत्राचा, दुसरा पत्त्याचा: जे दोन्ही नाही म्हणून माणूस इथे आला आहे. चौथा-पाचवा प्रश्न "घर का सोडलं?", तोही खिडकीशी उभ्याने, मागची रांग ऐकत असताना. मारहाणीतून पळालेली बाई तिथे खोटं बोलेल, आणि तेच खोटं तिच्या फाईलमध्ये कायमचं राहील. ज्याला आवाज ऐकू येतात तो "भास होतात का?" याला नाही म्हणेल, कारण हो म्हटलं तर आत घेणार नाहीत अशी त्याची खात्री असते. प्रत्येक प्रश्नापुढे तिघांकडून खूण करून घ्या: पहिल्या रात्री लागतो, आठवड्यात विचारला तरी चालेल, लागतच नाही. पहिल्या रात्रीसाठी थोडेच उरतील: काय नावाने हाक मारू, आज काही खाल्लंय का, कुठे दुखतंय का, कोणती औषधं चालू आहेत आणि ती जवळ आहेत का, कुणापासून धोका आहे का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का. शेवटचे दोन आडोशाला, बसून.

पुढे सामान. पिशवी "जमा" करून घेतात, पावती देत नाहीत. त्या पिशवीत औषधं, कागद, एखादा फोटो असतो, आणि बेवारस म्हणून पिशवी फेकली गेली की उपचार तिथेच तुटतात. पावती आणि कुलूप या दोन वस्तूंनी ही गळती थांबते. मग रात्रभर जळणारे दिवे, आतून कडी नसलेलं न्हाणीघर, दाराशेजारची खाट जिथे प्रत्येक ये-जा करणाऱ्याचा पाय लागतो, फोन चार्ज करायला एकच जागा. तिघांपैकी एक जण दारापासून लांबची खाट मागेल आणि दुसरा दाराजवळचीच, कारण बाहेर पडायची वाट दिसली नाही तर त्याला झोप लागत नाही. निवड द्या, एवढाच याचा अर्थ.

फेरीनंतर तासाभरात यादी करा आणि तिचे तीन भाग पाडा. पंधरा दिवसांत होईल असं, पैसे लागतील असं, आणि होणार नाही असं. पहिल्या भागातल्या निदान तीन गोष्टी ठरल्या दिवशी पूर्ण करून त्याच तिघांना दाखवा. तिसऱ्या भागातल्या प्रत्येकासमोर कारण लिहा. कारण पटलं नाही तर ते वाद घालतील, घालू द्या. सहा महिन्यांनी हीच फेरी नव्या तिघांबरोबर करा.

मोठ्या प्रमाणावरही असं झालेलं आहे. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून अधिक बेघर शुभार्थींसोबत, आधी घर आणि मग बाकी मदत या पद्धतीची चाचणी झाली. त्यात अनुभवातून गेलेली माणसं सल्लागार म्हणून होती, संशोधनात मुलाखती घेणारी होती आणि सेवा देणाऱ्या पथकांतही होती. तुमची फेरी याच जातीची आहे, फक्त आकाराने लहान.

प्रश्न: मी एका समितीवर शुभार्थी सदस्य आहे. दीड वर्षात आम्ही बऱ्याच सूचना दिल्या. "नोंद घेतली" यापलीकडे उत्तर नाही. राजीनामा द्यावा का?

उत्तर: त्याआधी एक वही मागा. सहा रकाने: तारीख, सूचना, निर्णय कुणी घ्यायचा त्याचं पद, कधीपर्यंत, उत्तर (हो, नाही, काही अंशी) आणि कारण. उत्तराची मुदत तीस दिवस. "नोंद घेतली" हे उत्तर धरलं जाणार नाही, असा ठराव करून घ्या. दीड वर्षातल्या जुन्या सूचना इतिवृत्तांतून काढून तुम्हीच पहिल्या पानावर भरा आणि दुसऱ्या सदस्याच्या अनुमोदनाने पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणून ठेवा. वही सगळ्यांना पाहता येईल अशा ठिकाणी राहावी, निवाऱ्यातल्या लोकांनाही.

दोन बैठकांत वही सुरू झाली नाही, किंवा सुरू होऊन कारणांचा रकाना कोराच राहिला, तर राजीनामा जरूर द्या. तो लेखी द्या, उत्तर न मिळालेल्या सूचनांची यादी जोडून, आणि प्रत संस्थेला पैसे देणाऱ्या यंत्रणेला पाठवा. अहवालात तुमचं नाव आणि छायाचित्र सहभागाचा पुरावा म्हणून छापलं जात असेल तर ते काढून टाकावं, हेही त्याच पत्रात लिहा.